स्पोर्ट्स कारच्या लेदर सीट: या चुका टाळा

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून वरूड, हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या बाजूला दोन दारांच्या, जमिनीलगत धावणाऱ्या गाड्या जास्त दिसू लागल्या आहेत. कोणी संत्र्याच्या पैशातून घेतो, कोणी जिनिंगच्या. बहुतेक गाड्या सेकंडहँड असतात, मुंबई-पुण्याहून आणलेल्या. इंजिनाची काळजी सगळे घेतात, सीटकडे मात्र फाटल्याशिवाय कोणी पाहत नाही. मी सीटचंच काम करतो आणि दर उन्हाळ्यात त्याच त्या चुकांनी खराब झालेल्या सीट समोर येतात.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आजच्या गाड्यांतलं बहुतेक लेदर उघडं नसतं. त्यावर रंगाचा थर असतो आणि रंगावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक टॉपकोट. तुमचा हात लागतो तो या टॉपकोटला, आणि झिजतो तोही आधी हाच. खालचं कातडं पुष्कळदा धडधाकट असतं. काही महागड्या गाड्यांत अनिलिन लेदर असतं, त्यावर असा थर जवळजवळ नसतोच. ओळखायचं असेल तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. आत मुरून डाग काळसर झाला तर अनिलिन, थेंब वरच राहिला तर थर दिलेलं लेदर. सीटच्या पाठीला आणि बाजूला बऱ्याच गाड्यांत नुसतं रेक्झिन असतं. मधे मऊ, केसाळ अल्कांतारा असेल तर ते लेदर नव्हे. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं ते कापड आहे, त्यावर लेदरची कोणतीही क्रीम लावायची नाही.

तेल पाजू नका

"कातडं वाळलं, त्याले तेल पाजा" हा सल्ला आपल्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. चामडी जोडे, बैलांचे पट्टे यांच्यासाठी तो खराही आहे, कारण ते कातडं झाडाच्या सालीने कमावलेलं आणि उघडं असतं. गाडीच्या सीटचं कातडं सहसा क्रोमसारख्या रसायनाने कमावलेलं असतं आणि वरून बंद केलेलं. तेल त्याच्या आत जातच नाही. ते शिवणीत बसतं, बारीक छिद्रांत बसतं, भेगांत बसतं. मग आपल्या काळ्या मातीची धूळ त्याला चिकटते. उठता-बसता ती धूळ टॉपकोट घासत राहते.

मोर्शीकडच्या एका बागायतदारांची गाडी आली होती. जर्मन, दोन दारांची, आत फिकट तपकिरी छिद्रांचं लेदर. मे महिन्यात बागेत पत्र्याच्या शेडखाली उभी असायची. आपल्याकडे बाहेर ४५-४६ अंश असतात तेव्हा बंद गाडीच्या आत त्याहूनही जास्त तापतं. सीट कडक लागायला लागली म्हणून घरच्या गड्याने जवसाचं तेल चोळलं, आणि एकदा नाही, दर आठवड्याला. जवसाचं तेल हवेत सुकून त्याचा पिवळा, चिवट पापुद्रा बनतो. ऑइल पेंटमध्ये ते वापरतात ते याच गुणामुळे. गाडी माझ्याकडे आली तेव्हा शिवणी काळ्या झाल्या होत्या, छिद्रं बुजली होती आणि उजव्या कडेवर ओलं फडकं फिरवलं की रंगच निघून येत होता. ते म्हणाले, "भाऊ, घाणीवरचं शुद्ध तेल होतं. त्यानं काहून खराब होईन?" तेल शुद्धच होतं. जागा चुकली होती. डीग्रीझरचे हात मारून मारून तेल काढलं, पण त्यासोबत टॉपकोटही गेला. सगळ्या सीटला नव्याने रंग द्यावा लागला. मधला छिद्रांचा तुकडा वाचलाच नाही, तो बदलावा लागला. आणि एक धोका कोणाच्या लक्षात येत नाही: जवसाच्या तेलात भिजलेले बोळे गोळा करून कोंबून ठेवले तर ते आपोआप पेटू शकतात. गाडीत तर मुळीच ठेवू नका.

माझी रीत साधी आहे. आधी ब्रश लावून व्हॅक्यूम, कारण धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे घासणंच. मग पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर फडकं. मळ दिसला तर लेदरचा सौम्य क्लीनर मऊ ब्रशवर घेऊन फक्त फेसाने पुसायचं. छिद्रांच्या सीटवर क्लीनर कधी थेट ओतायचा नाही, तो खाली फोममध्ये जातो. कंडिशनर मी वर्षातून एक-दोनदा देतो, तोही अगदी पातळ. दर रविवारी क्रीम थापणाऱ्याची सीट जास्त टिकलेली मी पाहिलेली नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल टॉपकोट मऊ करतं. थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर यांनी डागासोबत रंगही निघतो. खायचा सोडा आणि कपड्यांची पावडर अल्कधर्मी, लेदर आम्लधर्मी, म्हणजे दोघांचं जमत नाही. पांढरा 'मॅजिक' स्पंज खरं तर बारीक पॉलिश पेपरच आहे. बुटाचं पॉलिश कपड्यांना लागतं. डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉनने सीट निसरडी होते आणि पुढे रंग द्यायची वेळ आली की रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. नवी जीन्स फिकट सीटवर निळा रंग सोडते. तो आठवड्याच्या आत पुसला तर निघतो, वर्षभराने नाही. गाडीत खर्रा (तंबाखू-सुपारी-चुना) घोटू नका, चुना सीटवर सांडला तर तो थर खातो. लगेच कोरडा झटका, मग ओल्या फडक्याने पुसा. संत्रीही बाहेर उतरून सोला. सालीतून उडणाऱ्या तेलात थर्माकोल विरघळतो, मग सीटवर त्याचा डाग कशाला पाडून घ्यायचा.

उजवी कड

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे सर्वात आधी जाते ती त्याच्या सीटची दाराकडची उंच कड, म्हणजे बोल्स्टर. स्पोर्ट्स सीटला ती वळणावर शरीर धरण्यासाठी उंच ठेवलेली असते. लोक तिच्यावर बूड टेकवून घसरत आत जातात. खिशातली किल्ली, जीन्सचे रिवेट, पट्ट्याचं बक्कल, सगळं तिथेच घासतं. आधी सीटच्या मधोमध बसा, मग पाय आत घ्या. उतरताना दोन्ही पाय बाहेर काढा आणि दाराच्या चौकटीला धरून उठा. एवढ्याने कडेचं आयुष्य खूप वाढतं.

कडेवर सुरकुत्या आणि भेगा पडल्या की लोक नुसता रंग मागतात. पण आतला फोम बसलेला असेल तर वरचं कातडं प्रत्येक वेळी दुमडणारच आणि नवा रंग तिथेच फुटणार. मी आधी कड दाबून पाहतो. बोट लोखंडापर्यंत गेलं तर कव्हर उतरवून फोम भरतो, रंगाचं नंतर बोलतो. हे पैसे वाचवणारे पुढच्या हंगामात पुन्हा येतात.

ही शिवण घालू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त घाबरवते. वणीच्या बाजूचा एक तरुण मुलगा मोठ्या कौतुकाने सीट दाखवायला आला. पाठीची बाहेरची शिवण उसवली होती, ती त्याने आठवडी बाजारात जाड दोऱ्याने दुहेरी शिवून घेतली होती. "दादा, नायलॉनचा दोरा टाकला, आता जनमभर उसवत नाही." काम सुबक होतं. शिवणाऱ्याचा दोष नाही, त्याला कळणार कसं? पण त्या शिवणीशेजारी एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली होती. बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतून याच शिवणीतून बाहेर पडते. म्हणून तिथला दोरा वेळेला तुटेल असाच निवडलेला असतो. जाड दोरा बॅग अडवू शकतो किंवा भलत्या दिशेने फुगवू शकतो. मी तो दोरा कापला आणि त्याला त्या पाठीचं मूळ कव्हर मागवायला लावलं. ती शिवण मी स्वतः घालत नाही, कोणी कितीही पैसे देवो. सगळी सीट झाकणारी बाजारू कव्हरंही याच कारणाने टाळा.

सीट खोलायची असेल तर आधी बॅटरी सुटी करा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. सीटखालचे एअरबॅगचे पिवळे कनेक्टर ओढाताण करायची वस्तू नव्हेत. सीट सुटी असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

घाईची दुरुस्ती

फाटलेल्या जागी फेविक्विक लावू नका. ते काचेइतकं कडक होतं, सीट वाकली की त्याच्या काठाने नवी चीर पडते, आणि ते काढताना चांगलं कातडंही जातं. चिरेतून आत कापडाचा तुकडा सरकवा, तो लवचीक गोंदाने खालून चिकटवा, मग वरून लेदर फिलर द्या. फिलर एकदम भरायचा नाही. पातळ थर, पूर्ण सुकवणं, मग पुढचा थर. सुकल्यावर ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने. मग पाण्यात मिसळणारा लेदरचा रंग, आधी स्पंजने आणि शेवटचे हात एअरब्रशने, आणि त्यावर सॅटिन किंवा मॅट टॉपकोट. कंपनीची सीट चकचकीत नसते, दुरुस्तीची जागा चमकली की लगेच ओळखू येते.

मेच्या दुपारी एअरब्रश चालवला तर रंगाचे थेंब सीटवर पडायच्या आधीच सुकतात आणि हाताला खरखर लागते. म्हणून उन्हाळ्यात मी हे काम सकाळी उरकतो. श्रावणात उलटं, पाण्याचा रंग सुकता सुकत नाही, तेव्हा दोन थरांमध्ये तेवढं थांबावं लागतं. संध्याकाळी गाडी हवी म्हणणाऱ्याला मी दुसरीकडे पाठवतो. टॉपकोट बोटाला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला दिवस जातात. पहिला आठवडा त्या सीटवर ओलं फडकं, क्लीनर, कंडिशनर काहीही लावायचं नाही, नवी जीन्स घालून बसायचं नाही आणि गाडी उन्हात काचा बंद करून ठेवायची नाही.