मिलानमध्ये दोन दिवस भटकंती आणि खरेदी: या चुका टाळा

इटलीच्या सहलीत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसचे दिवस आधी ठरतात आणि उरलेला अर्धा दिवस मिलानला मिळतो. दुओमो या भव्य कॅथेड्रलसमोर फोटो, गॅलेरिया या बाजारपेठेत एक चक्कर, की निघालो पुढे. मला हे फार खटकतं, कारण पायी फिरून खरेदी करायला इतकं सोयीचं मोठं शहर मी युरोपात क्वचितच पाहिलंय. दुओमोपासून स्फोर्झा किल्ला जेमतेम किलोमीटरभर, फॅशनच्या गल्ल्या त्याहून जवळ आणि ब्रेराची जुनी वस्ती या दोन्हींच्या मधोमध. नीट आखणी केली तर दोन पूर्ण दिवस पुरतात. ज्यांचे हे दोन दिवस फुकट जातात, त्यांच्या बहुतेक चुका घरी बसून तिकिटं काढतानाच झालेल्या असतात.

सोमवारी पोचणं

सोमवारी सकाळी मिलानमधली बरीच लहान दुकानं बंद असतात. ब्रेराचं चित्रसंग्रहालय सोमवारी बंद, लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ही बंद. म्हणजे जे बघायचं तेही नाही आणि जे घ्यायचं तेही नाही. गुरुवार ते शनिवार सगळ्यात उत्तम. महिन्याचा शेवटचा रविवार साधता आला तर नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो (जुलै सोडून), तो चुकवू नका.

महिन्याचंही तसंच. 15 ऑगस्टच्या आसपास स्थानिक लोक सुटीवर जातात आणि मालक स्वतः चालवतात ती छान दुकानं नेमकी तेव्हा बंद असतात. फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या शेवटी फॅशन वीक, एप्रिलमध्ये फर्निचरचं जगप्रसिद्ध प्रदर्शन. या दिवसांत हॉटेलांचे दर बघवत नाहीत. सेलसाठी यायचं असेल तर हिवाळी सेल 6 जानेवारीच्या जरा आधी आणि उन्हाळी सेल जुलैच्या पहिल्या शनिवारच्या सुमारास सुरू होतो. सवलत पुढे वाढते म्हणून थांबणारे थांबतात, पण तोवर मधले साइझ संपलेले असतात. मला विचाराल तर पहिल्या आठवड्यातच जा.

‘द लास्ट सपर’ची तिकिटं ऐनवेळी मिळतील अशा भरवशावर राहू नका. आत एका वेळी थोडेच लोक सोडतात, तेही पंधरा मिनिटांसाठी, आणि तिकिटं काही महिने आधी विक्रीला येतात व भराभर संपतात. विमानाचं तिकीट काढलं की पुढचं काम हेच.

विमानतळ न बघता स्वस्त तिकीट घेणं

मिलानचे विमानतळ तीन आहेत. लिनाते शहराला लागूनच आहे आणि तिथून मेट्रोची निळी लाइन थेट सान बाबिलाला, म्हणजे खरेदीच्या ऐन मध्यात आणून सोडते. माल्पेन्सा आणि बेर्गामो मात्र दोन्ही साधारण 50 किलोमीटर लांब. लंडनहून किंवा जर्मनीहून शनिवार-रविवार जोडून येणाऱ्या आपल्या मंडळींना बेर्गामोचं तिकीट स्वस्त दिसतं. बसचं भाडं आणि जाण्यायेण्यात जाणारा वेळ त्यात मिळवून मग तुलना करा.

शहरात मेट्रो-ट्रामसाठी वेगळं कार्ड लागत नाही. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की झालं. मेट्रोतून बाहेर पडतानाही तेच कार्ड टेकवायचं, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. पाय भरून आले की पिवळ्या रंगाच्या जुन्या ट्राममध्ये बसा. 1928 च्या रचनेच्या, लाकडी बाकांच्या या ट्राम आजही रोजच्या वाहतुकीत धावतात. 1 नंबरची ट्राम स्काला नाट्यगृहावरून किल्ल्याकडे जाते.

दुओमो फक्त समोरून बघणं

फोटोसाठी नवे, टाचांचे बूट घालून येणाऱ्यांची ब्रेरात पंचाईत होते. तिथल्या गल्ल्यांत गोल गोटे आणि दगडी लाद्या आहेत, शिवाय रस्त्यात ट्रामचे रूळ. रुळलेले बूटच हवेत. दुओमोत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात एक ओढणी किंवा स्टोल पिशवीत असू द्या.

पण दुओमोबाबतची खरी चूक म्हणजे छतावर न जाणं. जिन्याने चढा, लिफ्टपेक्षा तिकीट स्वस्त आहे. सकाळी लवकर गेलात तर सुळक्यांच्या रांगांमधून निवांत चालता येतं. खालून नुसती जाळी वाटणारं कोरीवकाम तिथे हाताच्या अंतरावर येतं: पानं, फुलं, चेहरे. जमिनीवरून कुणाला दिसणारही नाहीत अशा जागीही कारागिरांनी हात आखडता घेतलेला नाही. दगडातली गुलाबी झाकही तिथेच कळते. हा संगमरवर कांदोल्याच्या खाणीतला. 1386 मध्ये काम सुरू झालं त्यानंतर तो तलावातून, नद्यांतून आणि नाविल्यी कालव्यांतून होड्यांनी शहरात येई, आणि दुओमोच्या मालावर जकात नसे. संध्याकाळी त्याच कालव्यांच्या काठी फिरताना हे आठवलं तर फेरफटक्याची गोडी वाढते.

चौकात कुणी मनगटाला धागा बांधू लागलं किंवा हातावर कबुतरांसाठी दाणे ठेवू लागलं तर हात मागे घ्या, ‘नो, ग्रात्सिये’ म्हणा आणि चालत राहा. नंतर पैसे मागतात. मेट्रोत, दुओमोजवळ आणि सेंट्रल स्टेशनवर खिसेकापूही असतात, तेव्हा पर्स पुढे घ्या.

एकाच रस्त्यावर सगळी खरेदी उरकायला जाणं

व्हिया मोंतेनापोलिओने, व्हिया देल्ला स्पिगा, व्हिया मान्झोनी आणि कोर्सो व्हेनेत्सिया या चार रस्त्यांमधला चौकोन म्हणजे मिलानच्या फॅशनचं काळीज. तिथे जरूर जा, दुकानांच्या काचा मनसोक्त बघा. रंगसंगती आणि मांडणी शिकावी ती इथेच. पण बजेट बेताचं असेल तर दिवस तिथे घालवू नका. उलट टोकाची चूक म्हणजे कोर्सो बुएनोस आयरेस: लांबलचक रस्ता, शेकडो दुकानं, पण त्यातले बरेच ब्रँड मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही आहेत.

मधला मार्ग जास्त चांगला. जुने डिझायनर कपडे आणि दागिन्यांसाठी ब्रेरा आणि कोर्सो दी पोर्ता तिचिनेझे. शनिवारी व्हियाले पापिनियानोचा रस्त्यावरचा बाजार, तिथे ढिगातून चांगला स्वेटर किंवा बूट शोधणारे मिलानकरच भेटतील. सेर्राव्हाल्ले आउटलेट मोठं आहे खरं, पण शहरापासून साधारण 100 किलोमीटरवर. दोन दिवसांतला एक तिथे घालवणं मला पटत नाही. घेण्याजोग्या गोष्टी म्हणजे चामड्याचे हातमोजे, बूट, कोमोच्या रेशमाचा स्कार्फ. लेबलवर ‘व्हेरा पेल्ले’ असेल तर अस्सल चामडं, ‘सिमिलपेल्ले’ असेल तर नकली.

दुकानात शिरताना ‘बुओन्जोर्नो’ म्हणा. लहान दुकानात घडी घातलेला माल स्वतः उपसू नका, दाखवायला सांगा, हौसेने दाखवतात. घासाघीस चालत नाही. बायकांच्या कपड्यांचा इटालियन 42 म्हणजे ब्रिटिश 10, तेव्हा आकड्याने घाबरू नका, घालून बघा. नंतर बसलं नाही म्हणून बदलून देणं दुकानदारावर बंधनकारक नसतं, ते बिल करण्याआधीच विचारा.

फुटपाथवर चादरीवर मांडलेल्या नकली ब्रँडेड पर्स घेऊ नका. इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो, आणि तो 7,000 युरोपर्यंत जाऊ शकतो.

शाकाहारी आहे असं समजून मागवणं

केशरी रंगाचा मिलानी रिसोत्तो (इटालियन भात) दिसायला निरागस, पण परंपरेनुसार त्यात बैलाच्या हाडातला मगज आणि मांसाचं पाणी असतं. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ असं स्पष्ट विचारा. पार्मेजान चीजमध्येही प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दुओमोमागच्या लुइनी या दुकानात टोमॅटो-मोझारेल्ला भरलेले गरम पांझेरोत्ती मिळतात. दुपारची रांग टाळून अकराच्या सुमारास जा. कॉफी उभ्याने काउंटरवर प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर द्यायची असते. जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम दिसली तर ती फसवणूक नाही, तिथली रीतच आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती हिरवे लोखंडी नळ आहेत, पाणी पिण्याचं आहे.

टॅक्स रिफंड शेवटच्या तासावर ठेवणं

इटलीत व्हॅट 22 टक्के आहे, म्हणजे लेबलवरच्या किमतीचा साधारण 18 टक्के भाग. बाहेरून आलेल्यांना तो परत मागता येतो. परतावा देणाऱ्या कंपनीचं शुल्क जाऊन हातात त्याहून कमी येतो, तरी मोठ्या खरेदीवर ती रक्कम सोडण्यासारखी नाही. फेब्रुवारी 2024 पासून एका बिलाची रक्कम 70 युरोच्या वर असली की पुरते. पूर्वी ही मर्यादा 154.94 युरो होती. पासपोर्ट हॉटेलात ठेवून खरेदीला गेलात तर दुकानातून परताव्याचा फॉर्म मिळणार नाही. ही सोय युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे: भारतातून किंवा लंडनहून आलेल्यांना मिळते, म्युनिक किंवा ॲम्स्टरडॅमला स्थायिक असलेल्यांना नाही, मग पासपोर्ट भारतीय का असेना.

आखाती देशांमार्गे परतत असाल तर फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का माल्पेन्सालाच. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणार असाल तर हातातल्या सामानासाठी कस्टम्स तिथे, युनियनमधून बाहेर पडताना. माल न वापरलेला, लेबलसकट असावा आणि बॅग चेक-इन करण्याआधी दाखवता यावा. म्हणून सगळी खरेदी एकाच बॅगेत वरच्या बाजूला ठेवा, फॉर्म आणि बिलं एकत्र पिन करा आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.