मानवी हक्कांचा कायदा शिकायचाय? निकाल शेवटाकडून वाचा

लॉचा निकाल लागला की एखादी तरी ज्युनियर माझ्या टेबलापाशी येऊन विचारते, "मॅडम, ह्यूमन राइट्समध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" हातात जाडजूड गाइड असतं. ते आधी कपाटात ठेवायला लावते.

पहिला आठवडा एकच निकाल वाचायचा. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, १९८५: फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याविरुद्धचा खटला. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या आर्टिकल २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं, हे सगळ्यांना पाठ असतं. परीक्षेत तेवढ्यावर भागतं. तुम्ही शेवटचा आदेश आधी काढा. फुटपाथवरची झोपडी हटवू नका, असं कोर्ट कुठेच म्हणत नाही. पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा; १९७६ च्या गणतीत आलेल्यांना पर्यायी जागा द्या, पण ती हटवण्याआधीची अट नाही. आता हे असं कसं झालं ते शोधत मागे मागे या. वाटेत महापालिका कायद्याचं कलम ३१४ लागेल, नोटिशीशिवाय अतिक्रमण काढू देणारं. कोर्टाने ते वैध धरलं. मात्र सुनावणी हा नियम आणि ती टाळणं हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला. इथे घाई करू नका. दोन दिवस गेले तरी चालतील.

वहीच्या डाव्या पानावर तत्त्व लिहा, उजव्या पानावर माणसाच्या पदरात काय पडलं ते.

मग शीला बारसे, १९८३. मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांविषयी या पत्रकार बाईंनी पत्र लिहिलं, कोर्टाने तीच याचिका मानली. इथे उजवं पान भरतं: बायकांसाठी वेगळे लॉकअप, पहाऱ्याला महिला शिपाई, न्यायाधीशांची अचानक भेट.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याची ३० कलमं एका बैठकीत होतात. (पहिल्या कलमातल्या 'सर्व पुरुष'चं 'सर्व माणसं' झालं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहामुळे, हे वाचताना लक्षात असू द्या.)

१९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा मात्र पेन्सिल घेऊनच वाचा. मानवी हक्कांच्या व्याख्येत 'भारतातल्या न्यायालयांना अंमलात आणता येतील असे' हे शब्द आहेत, त्यांच्याखाली रेघ मारा. कलम ३६ सुद्धा बघून ठेवा: घडलेल्या प्रकाराला वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोग चौकशी करू शकत नाही. म्हणून पक्षकाराला मी तारीख आधी विचारते, हकिगत नंतर.

कलम १८ प्रमाणे आयोग 'शिफारस' करतो. ती कुठल्या पानावर लिहायची, यावरून माझ्या दोन ज्युनियर अजून भांडतायत.