छप्पर गळतंय अन् हातात पैसा नाही? या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात घर दगा देतं ते बहुतेक वेळा जून ते ऑगस्टमध्ये. नेमका तेव्हाच हात रिकामा असतो. कास्तकाराचा पैसा बियाण्या-खतात गेलेला, सोयाबीन निघायला दसरा आणि कापसाच्या वेचणीला दिवाळी. मजुराला निंदणाची रोजी असते, पण झड लागली की तीही बंद. घराचा खर्च आज आणि पैसा चार महिन्यांनी, असा हा पेच आहे. खालच्या बहुतेक चुका हे चार महिने एका रात्रीत गाठायच्या घाईतून होतात.

गळती थांबवणं आणि छप्पर बदलणं एकच समजणं

चार ठिकाणी थेंब पडले की घरात आलेला पहिला माणूस सल्ला देतो, "कवेलू (कौलं) काढ, टिनं टाक." दोन खोल्यांची टिनं, लोखंडी पाइप, मिस्त्री धरला की आकडा पाहता पाहता पाच अंकी होतो. मग तो आकडा भरायला कर्ज. खरं तर आजचं काम फक्त पाणी अडवायचं आहे. त्याला पाल, म्हणजे ताडपत्री, पुरते.

पाल टाकतानाही एक चूक सर्रास दिसते. गळतं तेवढ्याच जागेवर ती अंथरली की वरचं पाणी कवेलूखालून वाहत येऊन पुन्हा तिथंच टपकतं. पाल आढ्याच्या पलीकडून घेऊन खाली वळचणीपर्यंत यायला हवी आणि दोन्ही टोकांना मातीनं भरलेली पोती दोरीनं लोंबती बांधायला हवीत, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. ओल्या कवेलूवर पाय देऊन चढू नका. फुटतात ते वेगळंच, माणूस खाली येतो.

मातीची भिंत मात्र वरून कमी आणि पायथ्यापासून जास्त खचते. वळचणीचं पाणी बुडाशी साचू देऊ नका, चर काढून लांब न्या आणि बुडाला मुरूम भरा. या कामाला फावडं आणि अर्धा दिवस लागतो. भिंत फुगली असेल किंवा उभी भेग रुंदावत असेल तर त्या खोलीत कोणी झोपायचं नाही. मयालीला (छप्पर पेलणाऱ्या आडव्या लाकडाला) बाहेरून-आतून टेके द्या आणि चार रात्री भावकीत नाहीतर शाळेत काढा. यात लाजण्यासारखं काही नाही.

कवेलू फेरायचं काम वैशाखातलं. वानरं दरवर्षी घरावरून नाचतात हे माहीत असूनही आपण मृगाची वाट पाहतो, हा आपला जुना रोग!

करंटवर पैसा वाचवणं

ओल्या भिंतीला किंवा टिनाला हात लावल्यावर झिणझिणी आली तर कोरड्या हातानं मेन स्विच बंद करा आणि बाकी सगळी कामं मागे ठेवा. मीटरपर्यंतच्या वायरचा दोष महावितरणचा. 1912 वर तक्रार करा, त्याचे पैसे कोणाला द्यायचे नाहीत. मीटरच्या पुढची वायरिंग आपली. तिथं चिकटपट्टी लावून भागवू नका. उसने घ्यायचेच असतील तर पहिले याच कामाला घ्या.

पंचनाम्याआधी सगळं आवरून टाकणं

वादळानं, अतिवृष्टीनं घराचं नुकसान झालं असेल तर आधी फोटो काढा, मग तलाठ्याला कळवा. पाल टाकायला हरकत नाही, पण पडलेली भिंत उचलून अंगण साफ केलं तर पंचनाम्यात लिहायचं काय? 2022 ते 2026 साठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला 4,000 आणि पक्क्या घराला 6,500 रुपये धरले आहेत. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1,20,000. गुरांचा गोठा पडला तर 3,000, आणि हा गोठा सांगायचं बरेच जण विसरतात. रकमा मोठ्या नाहीत आणि लगेच येतही नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर उधारी करू नका.

घरकुलाच्या यादीत नाव लागलं आहे का हेही ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पुढच्या वर्षी पाडायच्या घरावर नवी टिनं घालण्यात अर्थ नाही.

"शेकडा पाच" हा आकडा लहान वाटणं

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला 60 टक्के. 20,000 घेतले तर दरमहा 1,000 व्याज, वर्षाचे 12,000 आणि मुद्दल जागच्या जागी. दिडीनं, म्हणजे एकाचे दीड द्यायच्या बोलीवर, घेतले तर जूनच्या 20,000 चे दिवाळीला 30,000. आपण व्याज महिन्यावर बोलतो आणि म्हणूनच फसतो.

महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. परवानाधारकालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला 12 टक्के आणि इतरांकडून 18 टक्के एवढीच मर्यादा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहायक निबंधकाकडे करता येते. पैसे कितीही नडले तरी कोऱ्या स्टॅम्पवर सही आणि कर्जापोटी शेताचं किंवा घराच्या जागेचं खरेदीखत, या दोन गोष्टी कधीच नाही. जमीन सोडवायला पुढे वर्षं जातात.

सावकाराआधी बचत गटाकडे जा. गटाचं व्याज साधारण शेकडा एक-दोन असतं आणि ते गटातच राहतं. 20,000 वर शेकडा दोन म्हणजे महिना 400. गावातल्या गटांचा मिळून जो ग्रामसंघ असतो, त्याच्याकडेही अडीनडीला वेगळा निधी असतो, तो मागावा लागतो. मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलंच तर एक लक्षात ठेवा: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचलणं, इथूनच घसरण सुरू होते. वसुलीवाल्यानं सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर दारात येऊ नये, हेही नियमातच आहे.

पूर्ण पीककर्ज छपरावर घालणं

किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी 10 टक्के धरलेले असतात, तेवढे वापरा. त्यापुढे हात घातला की बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर येतं, महाग येतं, आणि ठरलेल्या मुदतीत कर्ज भरता आलं नाही तर 3 लाखांपर्यंतची बिनव्याजी सवलतही जाते.

मिस्त्रीला सगळे पैसे आधीच देणं

लहान दुरुस्ती रोजीनं करून घ्या, मोठी ठेक्यानं. रोजीच्या कामात हाताखाली घरचंच माणूस द्या, एक रोजी वाचते. माल स्वतः आणा, आणि पैसे काम होईल तसे द्या. जुनी टिनं चांगली असतील तर छिद्रं बुजवून गोठ्याला चालतात. उधारीवर माल घेत असाल तर भाव त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या. दिवाळीला हिशेब करताना हार्डवेअरवाला त्या दिवशीचा भाव लावतो.