तनाग्रा मूर्ती विकत घेण्यापूर्वीची तपासणी

ग्रीसमधील बिओशिया प्रांतातल्या तनाग्रा येथील प्राचीन थडग्यांतून 1870 च्या दशकात भाजलेल्या मातीच्या लहान स्त्रीमूर्ती मोठ्या संख्येने बाहेर आल्या आणि युरोपात त्यांना इतकी मागणी आली की थोड्याच वर्षांत बनावट मूर्तींचा सुळसुळाट झाला. म्हणूनच अशी मूर्ती विक्रीला आली, की चेहऱ्याच्या मोहात न पडता आधी ती उलटी करून पाहावी.

अस्सल मूर्ती बहुधा साच्यातून काढलेली व आतून पोकळ असते आणि भाजताना वाफ निघून जावी म्हणून तिच्या पाठीला छिद्र ठेवलेले असते. अंगावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप असतो; गुलाबी, निळा हे रंग भाजणीनंतर दिलेले असल्यामुळे ते सहज झडतात आणि वस्त्राच्या चुण्यांच्या खोलगट भागातच थोडेफार टिकतात. सगळीकडे सारखाच ताजा रंग दिसला, तर संशय घ्यावा.

प्रयोगशाळेतील तापदीप्ती चाचणीने माती शेवटची केव्हा भाजली गेली याचा अंदाज मिळतो. मात्र जुने तुकडे जोडूनही मूर्ती उभी करता येते, त्यामुळे डोके आणि धड यांचे नमुने वेगवेगळे घ्यायला लावावेत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालकीची कागदपत्रे. मूर्ती सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराला आळा घालणाऱ्या 1970 च्या युनेस्को करारापूर्वी ग्रीसबाहेर होती, हे दाखवणारी जुनी पावती, छायाचित्र किंवा लिलावाची सूची विक्रेत्याकडे नसेल, तर मूर्ती कितीही सुंदर असली तरी घेऊ नये, कारण चोरून केलेल्या खोदकामात थडग्याचा पुरावा कायमचा नष्ट होतो.