गावच्या फुटबॉल सामन्याचं थेट प्रक्षेपण: काय लागतं, कसं लावायचं

फायनलच्या दिवशी मैदानाभोवती जशी गर्दी असते, तशीच एक गर्दी दूर कुठेतरी फोन हातात धरून बसलेली असते. चाकणच्या कंपनीत कामाला गेलेला मागच्या वर्षीचा सेंटर फॉरवर्ड, हैदराबादला असलेला मोठा भाऊ, सासरी गेलेली बहीण. कामठीच्या संघाशी आपल्या गावचे पोट्टे भिडणार असले की ही मंडळी दर पाच मिनिटांनी फोन करून "स्कोअर काय झाला?" विचारतात. प्रक्षेपण त्यांच्यासाठी करायचं आहे, हे आधी ठरवून टाका. त्यांना टीव्हीसारखं चकचकीत चित्र नको असतं. बॉल कुणाकडे आहे, गोल कुणी मारला आणि चित्र मध्येच तुटत तर नाही ना, एवढंच ते बघतात.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी नेटवर्क, मग उंची, मग आवाज, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. मंडळाकडे वर्गणीतून थोडेफार पैसे उरले असतील तर नवा कॅमेरा घेऊ नका. गावात कुणाकडे तरी बरा अँड्रॉइड फोन असतोच. पैसे स्टँड, माइक, पॉवर बँक आणि डेटावर घाला.

नेटवर्क मोजून घ्या

झेडपी शाळेचं पटांगण असो की गावाबाहेरचा आखर, आठवडाभर आधी तिथे जाऊन स्पीड टेस्ट करा. कॅमेरा जिथे लागणार नेमक्या त्या जागी, त्याच उंचीवर आणि सामन्याच्याच वेळेला. आपल्याला कामाचा आकडा अपलोडचा, म्हणजे फोनमधून बाहेर जाणाऱ्या डेटाच्या वेगाचा आहे; डाउनलोड कितीही मोठा दिसला तरी त्याचा इथे उपयोग नाही. शक्य असेल तर एखाद्या साखळी सामन्यात, गर्दी असतानाच मोजा. रिकाम्या मैदानावर ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) दाखवणारा टॉवर फायनलला हजार फोन एकाच वेळी चालू झाले की २ वरही येतो.

मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी ७२०पी चित्र भरपूर झालं. त्याला सेकंदाला ३० फ्रेम आणि ३ एमबीपीएसच्या आसपास बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) ठेवा. मोजलेला अपलोड मात्र त्याच्या दुप्पट, म्हणजे ६ च्या पुढे हवा, कारण मोबाइल नेटवर्क कधीच एका पातळीवर राहत नाही. ३-४ च मिळत असेल तर ४८०पी करा आणि बिटरेट दीडवर आणा. चित्र थोडं मऊ दिसेल, पण अखंड चालेल. गोलच्या क्षणी फिरणारं चक्र बघण्यापेक्षा ते कधीही बरं. अपलोड २ च्याही खाली असेल तर थेट दाखवायचा हट्ट सोडा. सामना पूर्ण रेकॉर्ड करा आणि रात्री रेंजमध्ये जाऊन चढवा. मेळघाटातल्या किंवा भामरागडकडच्या काही गावांत आज हाच रस्ता आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

डेटाचा हिशेब सरळ आहे. ३ एमबीपीएसने तासाला साधारण १.३५ जीबी जातो. ४५-४५ मिनिटांचा सामना, मधली पंधरा मिनिटं, आधीची ओळख आणि नंतरचं बक्षीसवाटप धरून दोन तास झाले, तर २.७ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर बसलात तर हाफ टाइमच्या आसपास डेटा संपतो आणि पुढे वेग इतका पडतो की प्रक्षेपण तिथेच थांबतं. त्या दिवसासाठी वेगळा डेटा पॅक आदल्या दिवशीच टाकून ठेवा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवा आणि दोन्हींचा अपलोड मोजलेला असू द्या. ज्या फोनवर चित्रण चालू आहे त्याच फोनचं इंटरनेट वापरू नका. तो फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा आणि दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. यामुळे ऐन कॉर्नरच्या वेळी कुणाचा फोन येऊन चित्र थांबत नाही, कॅमेऱ्याचा फोन कमी तापतो, आणि एक सिम बसलं तर दुसऱ्या हॉटस्पॉटवर जाता येतं. हॉटस्पॉटचा फोन खिशात न ठेवता बांबूला उंच, सावलीत बांधा. टॉवरच्या दिशेने मोकळी जागा मिळाली की आकडा वाढलेला दिसेल. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत फायबरचं कनेक्शन असेल आणि तिथून मैदान जवळ असेल, तर गोष्टच वेगळी. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. सरपंचांना भेटून परवानगी घ्या आणि सिम फक्त जोडीला ठेवा.

कॅमेरा कुठे आणि किती उंच

सामना बघण्यासारखा होतो तो उंचीमुळे. जमिनीवर उभं राहून काढलेल्या चित्रात सगळे खेळाडू एकमेकांमागे लपतात आणि पलीकडच्या बाजूला बॉल गेला की नुसती धूळ दिसते. डोक्यापेक्षा निदान तीन-चार मीटर वर जा. शाळेची स्लॅबची गच्ची मैदानाच्या मध्यरेषेसमोर असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर बांधकामवाल्याकडून लोखंडी परांची मागून आणा, किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली मध्यरेषेशी उभी करून तिच्यात टेबल पक्कं बांधा. ट्रॉलीवर कॅमेऱ्याच्या माणसाशिवाय कुणालाही चढू देऊ नका. एक जण हलला तरी गावभर चित्र हलतं.

टिनाच्या छपरावर चढू नका. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडाच. पोळ्याच्या आसपासच्या सामन्यांत ढग गडगडायला लागले की सगळं जागेवर ठेवून खाली उतरा; उंचावर लोखंडाजवळ बसलेल्या माणसाला आपल्याकडे विदर्भात आकाशातल्या विजेचा धोका खरा आहे.

दिशा सूर्य ठरवतो. मैदान उत्तर-दक्षिण लांब असेल आणि सामना दुपारनंतरचा असेल, तर कॅमेरा पश्चिमेच्या बाजूला लावा, म्हणजे ऊन पाठीमागून येईल. पूर्वेकडून काढलं तर सगळे खेळाडू काळे दिसतील. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि फोनचा कॅमेरा त्याच्याही आधी हार मानतो. त्या दिवसांत पूर्ण वेळेचा सामना साडेतीनला सुरू करा, असं आयोजकांना स्पष्ट सांगा.

स्टँड असा घ्या की ज्याचं डोकं डावी-उजवीकडे न अडखळता फिरेल. हलका स्टँड वाऱ्याने थरथरतो. त्याच्या मध्यभागी माती भरलेली सिमेंटची पिशवी सुतळीने लटकवा. फोन आडवा धरा, मुख्य लेन्स वापरा, आणि बोटांनी झूम करू नका. त्याने चित्र फाटतं, हाताचा धक्का दुप्पट दिसतो. मैदानाचा साधारण तिसरा हिस्सा चौकटीत ठेवा, आणि बॉलच्या पुढे, म्हणजे ज्या गोलकडे चाल चालली आहे तिकडे, जास्त जागा सोडा. बॉलच्या मागे धावू नका; हळू फिरवा. फोकस आणि उजेड लॉक करून ठेवा, नाहीतर पांढरी जर्सी समोर आली की मैदान अंधारतं. फक्कीने आखलेल्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून सकाळी पुन्हा एकदा मारून घ्या. काळ्या मातीवर त्या झकास दिसतात.

ऊन आणि वीज

आयफोनसाठी कंपनी ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते. आपल्याकडे मार्चमध्येच पारा त्याच्या वर जातो, आणि मे महिन्यात चंद्रपूरला ४५ च्या पुढे. तापलेला फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चित्रण बंद पाडतो. फोनचं कव्हर काढा, वर मोठी छत्री बांधा, जमलं तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा मागून लावा. बर्फाची पिशवी टेकवू नका. आत ओल धरते. चार्जिंगनेही फोन तापतो, म्हणून सुरुवात पूर्ण चार्जवर करा आणि केबल हाफ टाइमनंतर जोडा. २०,००० एमएएचची एक पॉवर बँक दोन फोनना एका सामन्याला पुरते. लोडशेडिंग असो नसो, शाळेच्या प्लगवर सगळं सोपवू नका.

चॅनल आधी तयार हवं

यूट्यूबवर मंडळाचं चॅनल उघडा, फोन नंबरने पडताळणी करा आणि लाइव्हची सोय चालू करून ठेवा. पहिल्यांदा ती चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात; सामन्याच्या सकाळी उघडलेलं चॅनल संध्याकाळी कामाचं नाही. यूट्यूबच्या मोबाइल अ‍ॅपमधून थेट जायला ५० सबस्क्राइबर लागतात. तेवढे नसतील तर लॅरिक्स किंवा प्रिझमसारखं प्रक्षेपणाचं अ‍ॅप घ्या, यूट्यूब स्टुडिओतून (चॅनल सांभाळायच्या पानावरून) मिळालेला पत्ता आणि स्ट्रीम की, म्हणजे प्रक्षेपणाची गुप्त चावी, त्यात टाका. तिथे ही अट नाही. त्याच अ‍ॅपमध्ये बिटरेट, ७२०पी आणि की-फ्रेम (पूर्ण चित्र पुन्हा किती वेळाने पाठवायचं ते) २ सेकंद हे ठरवता येतं. स्ट्रीम की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नका, ज्याच्याकडे ती गेली तो तुमच्या चॅनलवर काहीही दाखवू शकतो. चॅनल मोठ्या माणसाच्या नावाने असू द्या.

फेसबुकवरही थेट जाता येतं आणि गावातले बरेच लोक तिथे असतात. पण २०२५ पासून फेसबुक लाइव्हचे व्हिडिओ ३० दिवसच ठेवतं. पोरांचे गोल पुढच्या वर्षी बघायचे असतील तर यूट्यूब मुख्य धरा.

आवाजाने सामना घरात पोहोचतो

फोनचा स्वतःचा माइक वारा आणि भोंगा एवढंच पकडतो. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक, त्यावर फोमची टोपी, आणि कॅमेऱ्याशेजारी बसलेले दोन जण. एक बॉलसोबत बोलत राहील. दुसरा बदली, कार्ड, वेळ आणि स्कोअर यांची नोंद ठेवून त्याला सांगत राहील. माइकचं तोंड गर्दीपासून फिरवा, कारण चुरशीच्या सामन्यात गर्दी काय बोलते ते घरी आईसमोर ऐकू जायला नको.

बोलणाऱ्याने आपल्या बोलीत बोलावं, वऱ्हाडी असो की झाडीबोली. "नऊ नंबर" म्हणू नका, नाव घ्या. दूर बसलेल्या भावाला त्या नावासाठीच तर फोन उघडायचा असतो. सामन्याआधी दोन्ही संघांच्या मॅनेजरकडून जर्सी नंबरसह नावांची यादी लिहून घ्या आणि बाहेरगावच्या खेळाडूंची नावं कशी उच्चारायची तेही विचारा. दर पाच मिनिटांनी स्कोअर आणि वेळ सांगा. लोक मध्येच येतात. शाळकरी मुलांचे सामने असतील तर पालकांची आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या, आणि वयाच्या दाखल्यावरची माहिती कधी वाचून दाखवू नका.

डीजेशी आधीच बोलून घ्या. हाफ टाइमला सिनेमाचं गाणं वाजलं आणि ते प्रक्षेपणात गेलं, तर कॉपीराइटमुळे यूट्यूब लाइव्ह अडवू शकतं. गाणं लागलं की माइक बंद करायचा, हे काम एका माणसाला नेमून द्या.

लॅपटॉप जोडायचा असेल तर

पहिल्या एक-दोन सामन्यांना लॅपटॉपची गरज नाही. पुढे स्क्रीनवर स्कोअर, संघांची नावं आणि सौजन्याच्या पाट्या दाखवायच्या झाल्या की ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर टाका. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे हँडिकॅम असतो. त्याची एचडीएमआय केबल कॅप्चर कार्डमधून (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपला देणाऱ्या छोट्या यंत्रातून) लॅपटॉपला जोडा. केबल दहा मीटरच्या आत ठेवा. गावातलं कृषी केंद्र किंवा सराफ आपल्या नावाची पाटी दिसते म्हणून डेटाचा खर्च आनंदाने उचलतात. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपवाल्यांना मात्र पाटी देऊ नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने अशा खेळांच्या जाहिरातीवर बंदी आहे, आणि आपल्या पोरांच्या खेळाला ती कीड हवीच कशाला?

सामन्याच्या दिवशी

दीड तास आधी सगळं लावा. प्रक्षेपण 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल असं करून दहा मिनिटं चालवा आणि दुसऱ्या गावच्या एखाद्या मित्राला बघायला सांगा: आवाज येतो का, चित्र तुटतं का, जर्सी ओळखू येते का. मग सार्वजनिक लिंक गावच्या ग्रुपवर टाका. सामना चालू असताना एका माणसाने फक्त प्रेक्षकाच्या फोनवर नजर ठेवावी. चॅटमधली शिवीगाळही त्यानेच काढावी. बघणाऱ्यांना चित्र १०-३० सेकंद उशिरा पोहोचतं, हेही लोकांना सांगून ठेवा, नाहीतर मैदानावरचा कुणीतरी ग्रुपवर आधीच "गोल!" लिहून टाकतो. नेट गेलंच तर फोन तसाच रेकॉर्ड करत राहू द्या. ही सोय अ‍ॅपमध्ये आधीच चालू असावी, आणि फोनमध्ये १० जीबी जागा मोकळी.

सामना संपला की घरी जायच्या आधी व्हिडिओखाली वेळेनुसार नोंदी लिहा: कोणत्या मिनिटाला गोल, कुणाचा, कोणती पेनल्टी वाचवली. नोंद ठेवणाऱ्याच्या वहीत ते सगळं असतंच. पहिली ओळ ०:०० पासून सुरू केली आणि निदान तीन नोंदी टाकल्या की यूट्यूब त्यांचे तुकडे करून दाखवतं, आणि रात्रपाळी करून सकाळी परतलेला माणूस थेट आपल्या भावाच्या गोलवर जातो.