घाबरलेल्या कुत्र्याजवळ बसायला शिकताना

शेल्टरमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्याला सगळ्यात आधी कुत्र्याला कुरवाळायचं असतं. पहिल्या आठवड्यात नेमकं तेच टाळा. केनेलच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेल्या कुत्र्याला तुमची माया दिसत नाही, जवळ येणारा हात दिसतो.

त्याआधी दोन कामं. चावण्याआधी घेता येणारी रेबीजची लस डॉक्टरांकडून घ्या. तरीही दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, आधी लस घेतली असली तरी. दुसरं, कुत्र्याची पशुवैद्याकडून तपासणी. कान पिकलाय, दात सडलाय किंवा कंबर दुखतेय म्हणून अंगावर येणारा कुत्रा कुठल्याही ट्रेनिंगने सुधारत नाही.

आता खरं काम, म्हणजे अंतर. दहा-बारा फुटांवर, कुत्र्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा. नजर भिडवू नका. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे जवळ ठेवा (कांदा-लसूण घातलेलं चालत नाही, ते कुत्र्याला विषारी असतं). तुकडा त्याच्याकडे टाका. खाल्ला, तर अंतर बरोबर आहे. हुंगूनही बघितला नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

हातात तुकडा धरून कुत्र्याला जवळ बोलावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि बरेचसे चावे इथेच बसतात. भुकेपोटी तो मान ताणून येतो, तुकडा संपतो, आणि आपण अनोळखी माणसाच्या पुढ्यात उभे आहोत हे त्याच्या लक्षात येतं. मग तो दात मारतो. म्हणून तुकडा त्याच्या मागे टाका. खायला मागे गेला की त्याला खाऊही मिळतो आणि मोकळीकही. परत वळून आला, तर तो स्वतःहून आला. पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा.

क्रमही सांभाळा. आधी भीतीची गोष्ट दिसली पाहिजे, मग चिकन. हेल्मेट घातलेला माणूस लांबून दिसला की तुकडा, तो गेला की तुकडे बंद. उलटं केलंत तर पिशवीची कुरकुर ऐकूनच कुत्रा बिथरतो, कारण आता काहीतरी येणार हे त्याला कळलेलं असतं.

भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एकदम थिजणं हे सगळे चावण्याआधीचे इशारे. गुरगुरण्यावर ओरडू नका. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढे इशारा न देता चावू शकतो.

रस्त्यावर हिसकाहिसकीत वाढलेले इंडी (देशी) कुत्रे अनेकदा भांडं राखतात, म्हणजे जेवताना कोणी जवळ आलं की गुरगुरतात. ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून जेवताना भांड्यात हात घालायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. सहा फुटांवरून जाताजाता पनीरचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे जा. तुम्हाला पाहून त्याने सैल अंगाने मान वर केली, की पुढच्या वेळी अर्धं पाऊल जवळून. घरात मुलं असतील तर जेवण बंद खोलीतच.

फिरवताना मार्टिंगेल कॉलर (ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा गळपट्टा) आणि हार्नेस दोन्ही घाला, दोन वेगळ्या लीशनी. घाबरलेला कुत्रा मागे सरकत साध्या पट्ट्यातून मान काढून घेतो. गर्दी नसलेली पहाटेची वेळ बरी. एकटं राहायला शिकवताना बाहेर जा आणि तो रडायच्या आत परत या, सुरुवातीला अक्षरशः काही सेकंदांत.

दिवाळीच्या तोंडावर भित्रं कुत्रं नव्या घरी देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. घरात असेलच, तर अंधार पडण्याआधी फिरवून आणा, खिडक्या लावा, आणि भीती कमी करणाऱ्या गोळीबद्दल पशुवैद्याला आठवडाभर आधी विचारा. माणसांची झोपेची गोळी अजिबात नको.

रोजची नोंद वहीत ठेवा आणि कुत्रा दत्तक देताना तिची प्रत त्या घरी द्या. ‘पुरुषांना घाबरतो’ एवढ्याने भागत नाही. ‘हेल्मेटवाला दहा फुटांच्या आत आला की भुंकतो, वीस फुटांवर चिकन खातो, बिस्किट घेत नाही’ असं लिहा.