जँगो प्रोजेक्टची फोल्डर रचना बदलताना या चुका टाळा

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या ‘स्टार्टप्रोजेक्ट’ कमांडने मिळणारी रचना छोट्या कामाला पुरते. ॲप्स (प्रोजेक्टचे वेगवेगळे भाग) वाढली की ती सगळी ‘ॲप्स’ नावाच्या एका फोल्डरमध्ये न्यावीत, सेटिंग्ज लोकल आणि प्रॉडक्शन अशा वेगळ्या कराव्यात, असं वाटू लागतं. जरूर करा, जँगोची त्याला काहीच आडकाठी नाही. मात्र फोल्डर हलला की पायथनचा इम्पोर्टचा पत्ता बदलतो, आणि हा पत्ता बऱ्याच ठिकाणी नुसत्या स्ट्रिंगमध्ये लिहिलेला असतो. एडिटर इम्पोर्टच्या ओळी बदलून देतो, स्ट्रिंग बहुतेक वेळा तशाच राहतात.

सर्वांत फसवी चूक विस्गी.पीवाय (wsgi.py) या, सर्व्हर जिच्यातून प्रोजेक्ट सुरू करतो त्या फाइलमधली. सेटिंग्जचा नवा पत्ता कमांड चालवणाऱ्या मॅनेज.पीवायमध्ये लिहिला, रनसर्व्हर (लोकल सर्व्हरची कमांड) चालला, म्हणून काम झालं असं समजू नका. विस्गीमधली ओळ सेटिंग्जचा पत्ता आधीच ठरलेला नसेल तरच स्वतःचा लावते. लोकलवर तो मॅनेज.पीवायने ठरवलेला असतो, त्यामुळे जुना पत्ता झाकला जातो. सर्व्हरवर गुनिकॉर्न हा वेब सर्व्हर थेट विस्गी उघडतो आणि तिथे ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून सगळं कोसळतं. एसिंक सर्व्हरसाठी असलेल्या एस्गी.पीवायचंही तसंच. जुन्या नावाचा शोध पूर्ण प्रोजेक्टभर घ्या. रूट यूआरएलकॉन्फ आणि विस्गी ॲप्लिकेशन या दोन सेटिंग्जही त्यात सापडतील.

सेटिंग्जची एक फाइल मोडून तिचं फोल्डर केलं की ती एक पायरी खोल जाते. बेस डिर (प्रोजेक्टच्या मुळाचा पत्ता ठरवणारी सेटिंग) मात्र अजून दोनच पायऱ्या वर चढत असतो, म्हणजे प्रोजेक्टच्या मुळापर्यंत पोहोचतच नाही. एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस वापरत असाल तर इथे घाबरवणारा प्रकार होतो: दिलेल्या जागी फाइल नसेल तर एसक्यूलाइट गुपचूप नवी, रिकामी फाइल तयार करतो. मग ‘असं टेबल नाही’ ही एरर येते, किंवा सगळी मायग्रेशन्स (डेटाबेसच्या रचनेतले बदल) बाकी असल्याची सूचना दिसते. अशा वेळी घाईने मायग्रेट चालवू नका. डेटा कुठेही गेलेला नाही, तो जुन्या फाइलमध्येच आहे. बेस डिरच्या ओळीत आणखी एक ‘.पेरेंट’ जोडा.

ॲप हलवल्यावर त्याच्या ॲप्स.पीवायमधलं ‘नेम’ बदलावं लागतं: ‘ब्लॉग’ऐवजी ‘ॲप्स.ब्लॉग’. ‘लेबल’ला, म्हणजे ॲपच्या छोट्या नावाला, हात लावू नका. ते नावाच्या शेवटच्या भागावरून आपोआप ठरतं, म्हणून ‘ब्लॉग’च राहतं, आणि टेबलांची नावं, मायग्रेशन्सच्या नोंदी, फॉरेन की हे सगळं त्याच लेबलवर उभं असतं. ऑथ यूजर मॉडेल या सेटिंगमध्येही लेबलच हवं: ‘यूजर्स.यूजर’. त्याच्या आधी ‘ॲप्स’ जोडलंत तर जँगो ते नाकारतो. ॲपच्या फोल्डरचं नावच बदलायचं असेल, तर ॲप्स.पीवायमध्ये जुनं लेबल स्वतः लिहा.

इम्पोर्ट बदलायचा कंटाळा म्हणून ‘ॲप्स’ फोल्डर पायथनच्या सिस.पाथमध्ये (मॉड्यूल शोधायच्या जागांच्या यादीत) घालण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. मी तो देणार नाही. त्यामुळे एकच मॉडेल ‘ब्लॉग’ आणि ‘ॲप्स.ब्लॉग’ अशा दोन नावांनी आत येऊ शकतं आणि मॉडेल कोणत्याच ॲपचं नाही किंवा दोन मॉडेल्स भिडताहेत, अशा एरर येतात. हे दुहेरी इम्पोर्टचं दुखणं जँगोने स्वतः सोसलं आहे. 2012 मधल्या 1.4 आवृत्तीत मॅनेज.पीवाय आतल्या फोल्डरमधून बाहेर काढली गेली, ती याच कारणाने.

टेम्प्लेट सापडत नसेल तर डीबगच्या पिवळ्या एरर पानावर जँगोने शोधलेल्या पाथची यादी असते, तीच वाचा.

आणि सहकाऱ्याने नवा कोड पुल केल्यावर फक्त त्याच्याच मशीनवर विचित्र एरर आली, तर जुनं फोल्डर तपासा. गिट आपल्या फाइल्स हलवतो, पण त्याने दुर्लक्षित केलेलं ‘पायकॅश’ (पायथनने बनवलेल्या कंपाइल फाइल्सचं फोल्डर) तिथेच राहतं. पायथन 3 अशा उरलेल्या फोल्डरलाही पॅकेज मानतो, म्हणून ‘ब्लॉग’ इम्पोर्ट होतं आणि ‘ब्लॉग.मॉडेल्स’ मात्र सापडत नाही. ते फोल्डर हाताने डिलीट करा.